मिल फीडरच्या दांड्यावरचा गमछा

बाबा, मला बिजलीघराची भीती वाटायची हे तुम्हाला ठाऊक होतं. त्यावरून तुम्ही मला चिडवायचात. मायला माझ्याहून जास्त भीती वाटायची, हे मात्र तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. ती तुमच्यासमोर बोलली नाही आणि तुम्ही विचारणाऱ्यांतले नव्हता. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की हिशेब करताना माझा घोळ होतो. मायही गेली. घरात सगळ्यांत मोठी आता मीच उरले आहे, आणि ज्या वयात माणसानं देवाधर्माचं काही लिहावं त्या वयात मी एका जुन्या दुपारीबद्दल लिहायला बसले आहे. त्या दुपारीबद्दल माय जायच्या आधी मला एक गोष्ट बोलली. ती खरं तर तुमच्यासाठी होती. तुम्ही होतात तेव्हा ती बोलली नाही आणि बोलली तेव्हा तुम्ही नव्हतात. आता मधे मी एकटीच आहे, म्हणून मलाच ती तुमच्यापर्यंत आणावी लागते आहे.

महाराष्ट्र अजून व्हायचा होता. गोंदियात आधी इंजिनाची वीज होती, बाजारापुरती आणि काही मोठ्या घरांपुरती. दिवे पिवळे पडले की लोक म्हणायचे, इंजिनाला झोप आली. मग नागपूरकडून मोठी लाइन आली, धानाच्या बांध्यांमधून लोखंडी मनोरे रोवत, आणि राइस मिलांच्या मागच्या मोकळ्या जागेत तारेचं कुंपण घालून बिजलीघर उभं राहिलं. कागदावर ते सबस्टेशन होतं. गावाच्या तोंडी बिजलीघरच. तुम्ही मला समजावून सांगितलं होतं की इथं वीज बनत नाही. ती लांबून फार मोठ्या दाबानं येते, तशीच घरात सोडली तर घर उरणार नाही, म्हणून इथं तिचा दाब उतरवायचा आणि मग तिला वाटून द्यायचं. एक फीडर बाजाराला, एक स्टेशन आणि दवाखान्याकडे, एक मिलांना आणि पाण्याच्या टाकीच्या पंपाला. फीडर म्हणजे काय, असं मी विचारलं तर म्हणालात, तलावाच्या पाटाचं पाणी आपण वेगवेगळ्या बांध्यांत सोडतो ना, तसं. ते मला लगेच कळलं. पण पाटात पाय घातला तर माणूस मरत नाही, असं मी म्हटलं, तेव्हा तुम्ही हसला नाहीत.

आपलं क्वार्टर कुंपणाला लागूनच होतं. साहेबांना वाटलं असेल, ऑपरेटर जवळ राहिला तर बरा, हाकेसरशी येईल. पण त्या घरात हाक ऐकूच येत नसे. मोठे ट्रान्सफॉर्मर रात्रंदिवस घुमत असायचे. जेवताना ताटाखालून तो आवाज यायचा आणि उशीवर कान टेकला की उशीतून. माय केशोरीची. तिच्या गावात तेव्हा विजेचा खांबही नव्हता. ती म्हणायची, "त्या लोखंडाच्या म्हशी दिवसभर घुमून राहतात, न चारा खात, न पाणी पेत. त्यायचा काय भरवसा?" हिवाळ्यात सकाळी धुकं दाटलं की वरच्या चिनी मातीच्या चकत्यांवर चरचर आवाज सुरू व्हायचा आणि निळसर काहीतरी लुकलुकायचं. माय तेव्हा आम्हाला अंगणात जाऊ देत नसे. एकदा एक वटवाघूळ तारांमध्ये चिकटून काळं पडलेलं होतं, ते काढायला तुम्ही लाइन बंद होण्याची वाट पाहिलीत आणि तोवर ते तिथंच लटकत राहिलं. मी ते खिडकीतून पाहत राहिले. त्या दिवसापासून तुम्ही कामावर निघालात की तुम्ही खोलीत शिरेपर्यंत मी दारातून हलत नसे. तुम्ही मात्र गेटवर लावलेल्या कवटीच्या पाटीकडे बोट दाखवून म्हणायचात, "हा पाहा तुझा मामा हसून राहिला." त्यावर मला हसू यायचं नाही, कारण माझा खराच मामा त्याच तारांवर चढायचा.

मामाला तुम्हीच लाइनमन म्हणून चिकटवलं होतं. तो छोट्या रुळाच्या आगगाडीनं एक पिशवी घेऊन आला आणि खांबावर असा काही चढायला लागला की गल्लीतली माणसं बघायला थांबायची. लग्न करायचं नाव नाही, कपडे धुवायचं नाव नाही. तंबाखू, बिडी आणि गाणं. मला तो फार आवडायचा. तुम्हाला त्याची काळजी वाटायची, पण तुमच्या काळजीला तोंड एकच होतं, ते म्हणजे राग. तो कमरेचा पट्टा न बांधता चढतो, हे तुम्ही त्याला सांगून पाहिलंत. तो म्हणाला, "पट्टा बांधाले वेळ कोनाले हाय, भाटवा? मी मोहाच्या झाडावर लहानाचा मोठा झालो." मग तुम्ही सरळ इंजिनिअर साहेबांना सांगितलंत. साहेबांनी सगळ्या गँगसमोर त्याला झापलं. तेव्हापासून तुमचं दोघांचं बोलणं बंद. बिजलीघर एक, फीडर एक, आणि साल्या-मेव्हण्यांचा अबोला. माय दोघांना वाढायची आणि दोघांकडे आळीपाळीनं पाहायची. मामा दाराच्या बाहेर ओट्यावर बसून जेवायचा, तुम्ही आत.

पण काम अडत नसे, कारण तुमच्या कामाची रीत अशी होती की त्यात बोलायची गरजच पडत नव्हती. लाइनवर माणूस चढायचा असेल तर तो आधी बिजलीघरात यायचा, तुम्ही त्या फीडरचा स्विच बंद करायचात, आणि तो आपल्या खांद्यावरचा गमछा त्या स्विचच्या दांड्याला गाठ मारून बांधायचा. साहेबांचा कागदही असायचा म्हणे, पण तुमचा सगळ्यांचा भरवसा गमछ्यावर. गमछा दांड्यावर आहे म्हणजे माणूस तारेवर आहे. काम संपलं की त्यानं स्वतः यायचं आणि स्वतःच्या हातानं गाठ सोडायची. दुसऱ्या कोणी त्या गमछ्याला बोट लावायचं नाही, साहेबांनीसुद्धा नाही. ही रीत तुम्ही मला सांगितली होती, मोठ्या अभिमानानं. मायला सांगितली नव्हती. बायकांना काय करायचं आहे त्यातलं, असं तुमचं मत. ती बिजलीघरात पाय ठेवणार नाही हा नियम तुम्हीच घातला होता, म्हणजे तिला माहीत असण्याचा प्रश्नच नाही, असा तुमचा सरळ हिशेब. तुमचे सगळे हिशेब सरळच असायचे, बाबा.

ती दुपार धानाच्या हंगामातली होती. मिला दिवसरात्र चालत होत्या, हवेत उकडलेल्या धानाचा वास आणि कोंडा. मिल फीडरवर कुठंतरी चकती फुटली होती, म्हणून मामा गमछा बांधून मिलांच्या गल्लीत गेला होता. माय रोजच्यासारखी तुमचा डबा घेऊन गेटवर आली. रोज चौकीदार तिच्याकडून डबा घेऊन आत द्यायचा. दरेकसाकडचा तो शांत माणूस आठवतो ना तुम्हाला? त्या दिवशी तो गेटवर नव्हता. तुम्ही त्याला घेऊन यार्डाच्या पार मागच्या टोकाला ट्रान्सफॉर्मरचं तेल पाहायला गेला होता. माय थोडा वेळ थांबली, हाक मारायची तर काय मारणार, आणि मग डबा गार होऊन राहिला म्हणून घाबरत घाबरत आत गेली. जन्मात पहिल्यांदा. डबा टेबलावर ठेवला आणि वळणार तेवढ्यात तिला दांड्याला बांधलेला भावाचा गमछा दिसला, घामानं कडक झालेला, तंबाखूनं पिवळा पडलेला. तिला वाटलं, विसरला असेल. तिनं तो सोडला आणि धुवायला घरी घेऊन आली. मी तिला पुढं कधीतरी विचारलं, माय, तुला तिथल्या काडीलाही हात लावायची भीती, मग त्या लोखंडाच्या दांड्याला हात कसा लावलास? ती म्हणाली, "लोखंडाले कोठं लावला? गमछ्याले लावला. भावाचा होता ना."

मी शाळेतून येते आहे. अजूनही ते आठवताना मी येतच असते, दफ्तर खांद्यावर, दारात चपला काढते आहे. माय विहिरीजवळच्या दगडावर गमछा पिळते आहे आणि खुशीत आहे.

"मामा आला काय?" मी विचारते.

"नाही आला. आज येईनच जेवाले. पाहा कसा वास मारते. याले लगन नको, धुणं नको."

"मग हा कोठून आणला?"

"तुह्या बाबाच्या खोलीतून. दांड्याले गाठ मारून ठेवला होता. विसरला असंल."

मी नुसती बिजलीघराकडे पाहत होते. माय म्हणाली, "काऊन, काय झालं?" मी म्हटलं, "माय, मामा अजून वर हाय." "वर कोठं?" "तारेवर. गमछा काढला की बाबा लाइन सोडतात."

माय किंचाळली नाही, कपाळावर हात मारला नाही. गमछा तसाच ओला हातात घेऊन धावली. बादली तिच्या पायानं लवंडली आणि पाणी माझ्या पायांवरून गेलं. मी तिच्यामागे धावले. आपल्या घरापासून बिजलीघराची खोली समोरच दिसायची, पण मधे कुंपण, आणि गेट पार पलीकडच्या अंगाला. रोज ते अंतर मला काहीच वाटत नसे. त्या दिवशी कुंपणाचा एकेक खांब मागे पडत नव्हता. माझ्या मनात एकच चाललं होतं, आता घुमण्याचा आवाज वाढेल, आता वाढेल. लाइन सोडली की तो आवाज किंचित जाड व्हायचा, ते घरातल्या सगळ्यांना ओळखू यायचं. मी धावताना कान त्या आवाजाकडे लावले होते आणि मला माझाच श्वास ऐकू येत होता.

तिकडे तुमच्या खोलीत काय झालं ते मला पुढं तुकड्यातुकड्यानं कळलं. तुम्ही यार्डातून परत आलात. मिलचा मुनीम सायकलवरून येऊन बसला होता. "बाबूजी, कब से लाइन बंद है. हौद में धान पड़ा है, सड़ जाएगा. वैगन खड़े हैं. मजूर बैठे हैं." वरून पाण्याच्या टाकीचा पंपही त्याच फीडरवर. नळावर बायका भांडी वाजवून राहिल्या म्हणून फोन आलेला. एका दांड्यामागे सगळं गाव उभं होतं. तुम्ही दांड्याकडे पाहिलंत. गमछा नव्हता. गमछा नाही म्हणजे माणूस खाली. मामा आपल्या पाठीमागे येऊन, न बोलता गाठ सोडून निघून गेला, यात तुम्हाला काही नवल वाटलं नाही. कित्येक दिवस तो तसाच येत होता आणि तसाच जात होता. बोलणं असतं तर तुम्ही म्हटलं असतं, अरे, न सांगता कसा गेला? अबोला होता, म्हणून तुम्ही म्हटलंत, बरं झालं, गेला. हातमोजे घातलेत, रबरी चटईवर उभे राहिलात आणि दांड्याला हात घातलात.

मायला ते कुंपणातून दिसलं. खिडकी उघडी होती. तुमची पाठ, तुमचा उचललेला खांदा. गेट अजून लांब होतं. ती कुंपणाच्या तारेला भिडली आणि ओरडली, "अवो! अवो, आयका!" त्या घुमण्यात तिचं अवो कोणाला ऐकू येणार, आणि ऐकू आलं तरी कोण वळणार? जगातल्या सगळ्याच बायका सगळ्याच नवऱ्यांना अवो म्हणतात. तुम्ही वळला नाहीत. मुनीमही वळला नाही. मग मायनं तुमचं नाव घेतलं. नुसतं नाव, पुढं काही नाही, मागं काही नाही, जसं तुमच्या आईनं तुम्हाला लहानपणी खेळातून बोलावलं असेल तसं. लग्नापासून त्या दिवसापर्यंत ते नाव तिच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. तुमच्या नावासारखं नाव असलेल्या वाण्यालासुद्धा ती "तो कोपऱ्यावरचा" म्हणायची. तिनं त्या नावानं अशी हाक मारली की मी जागीच थांबले. मला वाटलं आता काहीतरी फार वाईट होणार, ते नाव घेतल्यामुळंच होणार.

तुम्ही वळलात. बिजलीघरात तुम्हाला सगळे बाबू म्हणायचे, साहेब आडनावानं बोलवायचे. त्या नावानं तिथं हाक मारणारं कोणी नव्हतं. तुमचा हात दांड्यावरून सुटला आणि तसाच हवेत राहिला. तुम्ही खिडकीतून पाहिलंत, कुंपणापाशी तुमची बायको, डोक्यावरचा पदर पडलेला, आणि हातात मामाचा ओला गमछा. तुमचा चेहरा मी पाहिला आहे, बाबा. तो नंतर तुम्ही गेलात तेव्हाही मी पाहिला, पण त्या दिवशीइतका पांढरा तो तेव्हाही नव्हता. आणि मग तुम्ही काय बोललात, तर ओरडलात तिच्यावर. "ओलं कापड घेऊन तारेजवळ कायले आलीस? मराचं हाय काय? मागं हो! पुन्हा इकडे पाय ठेवाचा नाही!" मुनीमाला वाटलं घरचं भांडण आहे. तो म्हणाला, "बाबूजी, लाइन तो दे दो पहले." तुम्ही दांड्याला पाठ लावून उभे राहिलात आणि म्हणालात, "नहीं दूँगा." चौकीदाराला सांगितलंत, "सायकल घे, मिलच्या गल्लीत जा. त्याचे पाय जमिनीवर दिसले तरच परत ये."

त्यानंतरचं थांबणं मला आठवू नये असं वाटतं. मुनीम बडबडत होता, फोन वाजत होता, तुम्ही उचलत नव्हता. माय मागे सरकून मातीत बसली होती, गमछा मांडीवर, लुगडं ओलं होत होतं. मी तिला चिकटून बसले. तुम्ही लाइन सोडली नव्हती, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी भीती कमी होईना. उलट ती तेव्हाच खरी आत उतरली. आपल्या येण्याआधी एकदा दांडा फिरला असेल तर? आवाज जाड झाला आणि मला ऐकू आलाच नसेल तर? मग लांबून मामा आला, चौकीदाराच्या सायकलवर पुढं बसून, बिडी ओढत. चौकीदार पोचला तेव्हा तो वरच होता, पट्टा न बांधता, दोन्ही हात तारेवर, आणि गात होता. तो हसत खोलीत शिरला, दांड्याकडे पाहिलं, तुमच्याकडे पाहिलं, मग खिडकीतून कुंपणापलीकडच्या मायकडे आणि तिच्या मांडीवरच्या गमछ्याकडे. त्याची बिडी खाली पडली. तो दांड्याजवळच्या भिंतीला टेकून हळूहळू खालीच बसला.

तुम्ही त्याला विचारलंत, "उतरलास काय?"

तो तुमच्या समोर बसलेला होता. तरी म्हणाला, "उतरलो."

मग तुम्ही दांडा फिरवलात. मिलांचे पट्टे सुरू झाले, टाकीत पाणी चढायला लागलं, आणि गावात कोणाला काही कळलं नाही.

त्या दिवसापासून तुमचा अबोला सुटला, पण बोलणं तेवढंच राहिलं. उतरलास काय? उतरलो. गमछा दांड्यावर असो वा नसो, तुम्ही प्रत्येक लाइनमनला ते तोंडानं विचारायला लागलात. पुढं पुढं घरातही विचारायला लागलात. कोणी जिन्यावरून आलं, कोणी झाडावरून आलं, उतरलीस काय? आम्ही हसायचो. मामानं पट्टा बांधायला सुरुवात केली, ती तुमच्या सांगण्यामुळं नव्हे. तुम्ही मायला पुन्हा कधी डबा आणू दिला नाहीत. कोरडी भाकर सोबत न्यायचात. तिनं गमछा उचलला याबद्दल तुम्ही तिला कधी घालून पाडून बोलला नाहीत, हेही खरं. पण ती चूक तुमचीसुद्धा होती, असं एकदा तरी म्हणाला असतात तर तिला किती हलकं वाटलं असतं.

आणि मग खूप वर्षांनी, तुम्ही रिटायर झाल्यावर, कशावरून तरी तुमचं दोघांचं वाजलं. तेव्हा तुम्ही ते बोललात. "भाऊ होता म्हणून धावलीस तू. दुसऱ्या कोनाचा गमछा असता तर तू उचललाही नसता, आन धावलीही नसती." माय स्वयंपाकघरात गेली आणि चुलीपुढं बसली. मला तेव्हा वाटलं तुम्ही तिच्यावर चिडला आहात. आता वाटतं, तुम्ही घाबरला होता. ज्या बाईनं जन्मात एकदा तुमचं नाव घेतलं, तिनं ते तुमच्यासाठी घेतलं नव्हतं, अशी तुमची समजूत झाली होती आणि ती तुम्हाला आत कुठंतरी खात होती. तुम्ही विचारणाऱ्यांतले नव्हता, ती सांगणाऱ्यांतली नव्हती. तुम्ही तसेच गेलात.

मामाही गेला, म्हातारा होऊन, खाटेवर. त्याचं सगळं आटोपल्यावर मी मायजवळ बसले होते. मी सहज म्हटलं, त्या दिवशी तू धावलीस म्हणून भाऊ इतकी वर्षं तुला लाभला. ती म्हणाली, "तुले खरं सांगू? भावाचं मनात आलंच नाही वं. धावताना मले फक्त ह्यायचा हात दिसत होता. तो दांडा फिरला असता त मंग त्या हातानं ते जेवले असते काय? तुमच्या डोक्यावरून फिरवला असता काय? मले त हातच लावला नसता कधी. त्यायले जन्मभर स्वतःच्या हाताची भीती वाटली असती." एवढं बोलून तिनं तोंड पुसलं आणि मला म्हणाली, दिवा लाव.

हे तुम्हाला सांगायचं होतं. मी ते त्याच दिवशी लिहून काढायला हवं होतं, पण मला लिहवलं नाही. माय गेल्यावरही किती दिवस टाळलं, कारण हे लिहिलं की पुढचंही लिहावं लागणार होतं. आता वीज गेली आणि परत आली की घरातली पोरं आली आली म्हणून ओरडतात. मी मात्र त्या क्षणी घाबरते, कोणी वर असेल का म्हणून. कोणाला सांगत नाही. हे कागदसुद्धा कोणाला वाचून दाखवणार नाही.

तुम्ही मायला जे बोललात ना, बाबा, ते अगदीच खोटं नव्हतं. फक्त ते चुकीच्या माणसाला बोललात. त्या दुपारी कुंपणाच्या कडेनं एक जण केवळ मामासाठी धावत होती. तिला मामा मरेल एवढंच कळत होतं, आणि त्याला मारणारे तुम्ही असाल म्हणून ती धावता धावता तुमचा रागराग करत होती. तुमचा हात तिला दिसलाच नाही. ती मी होते.